शेवटचा संपर्क

“चार मिनिटं,” मैना डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाली. “बाईने अगदी मोजून लिहिलंय. शेवटचा संपर्क अकरा तारखेला, कालावधी चार मिनिटं.”

“घड्याळ लावून बसली होती की काय?” एक्स-रेवालीने विचारलं.

“बसली होती की काय ते नाही लिहिलं.”

रेकॉर्ड रूममधल्या चिंचोळ्या टेबलाभोवती दुपारी तिघी जेवायला बसत. मैना नोंदणीच्या खिडकीवर टाइप करायची. तिचं तोंड आणि बोटं एकाच वेगाने चालत, म्हणून ती मैना. एक्स-रेवाली वरच्या मजल्यावरून निव्वळ गप्पांसाठी डबा घेऊन खाली यायची. आणि तिसरी झेडताई, जिची ही खोली.

“हसू नका गं,” एक्स-रेवाली स्वतःच डोळे पुसत म्हणाली. “काही घरांत चार म्हणजे पुष्कळ.”

झेडताईही हसली. न हसून कुठे जाणार. लैंगिक आजारांच्या तपासणी केंद्रात काम करायचं आणि दिवसातून एकदा असं हसून घ्यायचं नाही, तर माणूस कागदासारखा वाळून जाईल.

“आणि पुढे काय लिहिलंय माहितीये?” मैना म्हणाली. “आवाज बसला होता म्हणे.”

झेडताईचा घास तोंडातच राहिला. “कोणाचा आवाज?”

“मला काय माहीत. तेवढं मी घातलंच नाही. रकान्यात मावत नव्हतं.”

“कितवा नंबर?”

“एकोणसत्तर असेल शेवटी. का गं?”

झेडताईने डबा तसाच उघडा ठेवला आणि हात धुवायला उठली. शेवटी एकोणसत्तर असलेला कागद तिच्या चांगला लक्षात होता. सकाळी अकराच्या सुमाराला तिनेच तो निकालात काढला होता.

तिचं काम सांगायला सोपं. डॉक्टर लिहितात, ती त्याचा कोड लावते. जगातल्या प्रत्येक दुखण्याला एक इंग्रजी अक्षर आणि दोनतीन आकडे ठरलेले आहेत. आजार झालाच असेल तर ए, बी, सी आणि पुढची अक्षरं. ज्याला अजून काहीच झालेलं नाही, नुसता तपासून घ्यायला आलाय, किंवा मनात शंका आहे म्हणून आलाय, त्याला झेड. या केंद्राचे बहुतेक कागद झेडचेच असायचे. दिवसभर झेड अकरा, झेड वीस असं पुटपुटत बसते म्हणून मैनाने तिचं नाव झेडताई पाडलं, आणि आता पगाराच्या कागदावर सोडलं तर तिला दुसरं नाव उरलं नव्हतं.

झेड अकरा पॉइंट तीन म्हणजे तक्रार नाही, शंका नाही, रिवाज म्हणून केलेली तपासणी. झेड वीस पॉइंट दोन म्हणजे आजार असलेल्या माणसाशी या व्यक्तीचा संपर्क आलेला आहे. कळफलकावर या दोघांत बोटभर अंतर. पण अकरावाला कागद फडताळात जाऊन झोपायचा, आणि वीसवाला उठून चालू लागायचा. तो शेजारच्या खोलीतल्या फोनकाकांच्या यादीत जायचा, आणि फोनकाका त्याच दुपारी घरी फोन लावायचे.

सकाळी अकराला तिच्या पडद्यावर जे आलं त्यात फक्त एवढंच होतं: संपर्क, होय. अकरा तारीख. खाली डॉक्टरांची सही. या केंद्रात नुसता संपर्क म्हटला की तो बाधित माणसाशीच धरत. नेमका त्याच वेळी पाळणाघरातून फोन होता, चिमीचं अंग कोमट लागतंय, डबाही खाल्ला नाही. तीन वर्षांच्या मुलीचं अंग कोमट लागतंय म्हणजे किती, हाताला की कपाळाला, ओठ कोरडे आहेत का, डोळे कसे दिसतात, हे विचारता विचारता झेडताईच्या दुसऱ्या हाताने झेड वीस पॉइंट दोन दाबलं होतं. मग पाळणाघरवाल्या बाई म्हणाल्या, “अहो, झाली ती बरी. खेळतेय.” तोवर कागद पुढे गेलेला.

मूळ कागद तिने फडताळातून काढला. रुग्णाने प्रतीक्षागृहात बसून स्वतःच्या हाताने भरायचा तो. अक्षर उजवीकडे कललेलं, शाळेत शुद्धलेखनाला पैकीच्या पैकी मिळवणाऱ्या मुलीचं. वय एकतीस. कशासाठी आलात: मूल राहण्यासाठी उपचार सुरू करायचे आहेत, त्याआधीची तपासणी. पती: दोन वर्षं बोगद्याच्या कामावर, लांब. फोन नंबर, आणि पुढे कंसात सासूबाईंचा. आणि मग तो रकाना.

शेवटचा संपर्क: ११ तारखेला संध्याकाळी. फोनवर. चार मिनिटं. आवाज बसला होता, विचारलं तर धूळ म्हणाले.

झेडताई उभ्याउभ्याच फडताळाला टेकली.

जुन्या छापील कागदावर या रकान्यात ‘शेवटचा असुरक्षित लैंगिक संपर्क’ असं लिहिलेलं असायचं. गेल्या महिन्यात नवे कागद छापून आले तेव्हा वरच्या कार्यालयातल्या कोणा सभ्य माणसाने त्यातले दोन शब्द गाळले होते. लोकांना लाज वाटते म्हणून. उरला तो संपर्क, आणि या बाईने त्याचा सरळ अर्थ घेतला होता. मैनाने त्यातली तारीख आणि मिनिटं तेवढी टाइप केली. तपासणीवरच्या छोट्या डॉक्टरबाईंनी रांगेच्या रेट्यात ‘होय’वर सही केली. आणि झेडताईने कोड लावला. तिघींपैकी एकीनेही ‘फोनवर’ हा शब्द वाचला नव्हता.

“काय झालं?” मैना मागून येऊन वाचू लागली. वाचून झाल्यावर तिने पहिल्यांदाच आवाज खाली आणला. “आई गं. मग आता?”

“आता घरी फोन जाईल. सासूबाई उचलतील.”

“तू कोड बदल ना.”

झेडताईने नुसतं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर तिनेच चिकटवलेली पाटी होती. जे लिहिलं नाही ते झालं नाही. नव्या येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशी हे वाक्य पाठ करायला लावायची. रुग्णाने काय लिहिलं, कोडवाल्या बाईला काय वाटलं, याला शून्य किंमत. डॉक्टरांच्या सहीखाली होय आहे तोवर होय.

फोनकाकांची खोली लहान, त्यात दोन खुर्च्या आणि एक फोन. निवृत्तीला वर्षभर राहिलेला हा माणूस दिवसभर अनोळखी लोकांना नको ती बातमी सांगायचा, आणि इतक्या हळू सांगायचा की ऐकणाऱ्याला आधी वाटायचं कुणी चौकशीच करतंय. तिने कागद पुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

“बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “पण यादीत नाव आहे.”

“काका, चूक माझी आहे. तुम्ही आजच्या दिवस हा एक फोन राहू द्या.”

“असा एक राहू दिला होता मी, सहा वर्षांपूर्वी. एका ओळखीच्या बाईच्या शब्दावर. ती बाई खरंच बोलत होती, तिला वाटत होतं ते. पण जिला फोन करायचा होता ती गरोदर होती, आणि आजार अंगात आहे हे तिला माहीतच नव्हतं.” काकांनी चष्मा काढला. “ते बाळ मी पाहिलंय. तुमच्यावर माझा विश्वास आहे झेडताई. माझ्या यादीचा कोणावरच नाही.”

तिच्या पाटीवरचं वाक्यच काका दुसऱ्या शब्दांत बोलत होते.

“फोनवर तुम्ही काय सांगता?” तिने विचारलं.

“घरच्यांना काहीच नाही. संपर्क विभागातून बोलतोय, सूनबाईंना द्या, एवढंच.”

“सासूबाई शिकलेल्या असतील तर विचारतील, कसला संपर्क.”

“शिकलेल्या नसतील तर जास्त विचारतील,” काका म्हणाले. एक घर, त्यात नवरा दोन वर्षं बोगद्यात, सून एकटी, आणि दुपारी फोन की तिचा कोणाशी तरी संपर्क आलाय. यापुढचं कोणी सांगावं लागत नाही.

“किती वाजता सुरू करता?”

“साडेतीन. ही दुसरी आहे.” काकांनी यादी हातात घेतली, झेडताईकडे पाहिलं आणि मग ती टेबलावर उलटी फिरवली. “आज खालून वर येतो. तेवीस नावं आहेत. निम्मे उचलत नाहीत, तरी पावणेपाच होतील. डॉक्टरांची सही मिळाली की मला कळवा. सही झाली म्हणजे माझ्यापुरतं झालं.”

छोट्या डॉक्टरांचा फोन बंद होता. दुपारी त्या कॉलेजच्या इमारतीत व्याख्यानाला जात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. झेडताईने बाहेर जाणाऱ्या कागदांच्या वहीत नोंद केली, मूळ कागद जाड पाकिटात घातला, पाकीट पिशवीत, पिशवी छातीशी, आणि बसथांब्यावर येऊन उभी राहिली. तिथे तिला पाळणाघर आठवलं. साडेचारला बंद होतं ते.

नवऱ्याला झोपेतून उठवायचं तिच्या जिवावर आलं. तो वर्तमानपत्राच्या छपाईत रात्रपाळीला होता. संध्याकाळी पावणेपाचला निघायचा, सकाळी साडेसातला यायचा. ती पावणेआठला बाहेर पडायची. दिवसाची पंधरा मिनिटं त्यांना मिळत, आणि त्यात चिमीचे बूट, चिमीची बाटली, चिमीची शी. सुट्टी त्याला बुधवारी, तिला रविवारी. एका घरात राहणारे दोन भाडेकरू बरे, ते निदान जिन्यात भेटून भांडतात. यांचा सगळा संसार जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदांवर चालायचा. खोकला कमी. औषध एकदा दिलं. दूध आणलं. गॅस उद्या. झेडताई जगभरच्या डॉक्टरांची अक्षरं लावते, तर नवऱ्याचं अक्षर लावणं काही अवघड नव्हतं. पण रोज ती चिठ्ठी उचलली की दोन्ही बाजूंनी पाहायची. सगळं कामाचं असायचं. बिनकामाचा एक शब्द सापडायचा नाही. तीही बिनकामाचं लिहीत नसे, हे त्या क्षणी बसथांब्यावर पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं.

सहाव्या घंटेला त्याने उचलला. “काय झालं? चिमी?”

“चिमी बरी आहे. मला उशीर होणारे. साडेचारच्या आत तू आणशील तिला?”

“किती वाजले?”

“अडीच. झोपेतनं उठवलं ना.”

“छे, जागाच होतो.”

खोटं होतं ते. आवाज उशीच्या आतून आल्यासारखा येत होता, खरखरीत, कोमट. लग्नाच्या पहिल्या वर्षी तो रोज ऐकू यायचा. मग पाळ्या बदलल्या आणि तो आवाज घरातल्या एखाद्या वस्तूसारखा कुठे तरी मागे पडला, हरवलाय हेही कळलं नाही.

“गप्प का झालीस?”

“तुझा आवाज झोपेतला आहे.”

“झोपलो होतो तर झोपेतलाच असणार.”

“आत्ता म्हणालास जागा होतो.”

तो हसला. “ऑफिसात काही झालंय का?”

“माझी चूक झालीये. निस्तरायला चाललेय.”

“मोठी?”

“एका बाईचं घर मोडेल एवढी.”

“मग जा,” तो म्हणाला. “मी बघतो चिमीचं. मला निघायच्या वेळेला तिला शेजारच्या आजींकडे ठेवीन.”

“निळी बाटली विसरू नको. आणि अंग बघ तिचं, सकाळी कोमट होतं. हाताने नको, गालाने बघ. बूट उलटे घालते ती स्वतःचे, ते नीट…”

“माहितीये मला. मीपण तिचा बापच आहे.”

बोलणं संपलं होतं, पण त्याने फोन ठेवला नाही. तिनेही नाही. पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. मग बस आली. बसमध्ये चढून तिने पडद्यावर पाहिलं. दोन मिनिटं सहा सेकंद.

कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावर व्याख्यानाच्या दाराबाहेर ती सव्वातीनपासून उभी होती. आत जायला शिपाई सोडेना. चार वाजता सुटणार होतं, चार वाजून दहा मिनिटांनीही आतला माणूस ‘शेवटचा मुद्दा’ सांगत होता. शेवटचा मुद्दा म्हणून तिसऱ्यांदा. तिच्या डोक्यात दोन घड्याळं चालू होती. एकात फोनकाका एकेक नाव खालून वर येत होते. दुसऱ्यात नवरा चिमीचे बूट सरळ करत होता. कोणतं पुढे आहे ते कळत नव्हतं.

चार वाजून बावीस मिनिटांनी छोट्या डॉक्टर बाहेर आल्या. सव्वीस-सत्तावीसची मुलगी, डोळ्यांखाली काळं, हातात अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा.

“झेडताई? तुम्ही इथे?”

तिने एका श्वासात सांगितलं. ऐकता ऐकता डॉक्टरांचा चेहरा आखडत गेला.

“म्हणजे माझ्या सहीखाली चूक दाखवायची.”

“माझ्या कोडातही आहे मॅडम. तिघींच्या हातून गेलंय.”

“सर आधीच म्हणतात मी धांदरट आहे. महिनाअखेरीला बघतात ते, कोणाच्या किती दुरुस्त्या. आणि तिने तारीख तर लिहिलीये. उद्या खरंच काही निघालं तर?”

“वाचून तर बघा.”

डॉक्टरांनी पाकिटातून कागद काढला आणि खिडकीपाशी नेला. ओळ छोटी होती, पण त्या बराच वेळ कागद धरून उभ्या राहिल्या. मागून मुलंमुली हसत, ढकलाढकली करत जिना उतरत होती.

“रांगेत माझ्यासमोर बसली होती ती,” डॉक्टर म्हणाल्या. “मी विचारलं, संपर्क अकरा तारखेला ना? तर इतकी खूश होऊन हो म्हणाली. मला वाटलं, काय बाई आहे.” त्यांनी पेन काढलं. “कसं करायचं?”

“एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी चुकीची नोंद असं लिहायचं, मग तारीख, वेळ, सही. आणि खाली तुमच्या अक्षरात, बाधित व्यक्तीशी संपर्क नाही, उपचारापूर्वीची नेहमीची तपासणी.”

पेन कागदाजवळ जाऊन थांबलं. “चुकीची नोंद कसं लिहू? तिने खोटं कुठे लिहिलंय.”

“दुसरा शब्द नाही मॅडम आपल्याकडे.”

रेघ सरळ गेली. अकरा तारखेवरून, फोनवरून, चार मिनिटांवरून, बसलेल्या आवाजावरून, धुळीवरून. झेडताईने आयुष्यात शेकडो ओळींवर अशा रेघा मारून घेतल्या होत्या. या वेळी तिला उगाच वाटलं की कागद थोडा तिरका धरायला हवा होता, म्हणजे रेघ ‘म्हणाले’ या शब्दाच्या आधी संपली असती.

तिने तिथूनच फोन लावला. “काका, सही झाली. चार सत्तावीस.”

“एकवीस झाले,” फोनकाका म्हणाले. “बाविसावी तुमचीच. नंबर फिरवायलाच घेतला होता.” मग म्हणाले, “जेवा आता. मैनाने डबा झाकून ठेवलाय तुमचा.”

घरी पोचायला सहा वाजले. चिमी शेजारच्या आजींच्या मांडीवर बसून त्यांचा चष्मा घालत होती. गालाला गाल लावून झेडताईने अंग पाहिलं, गार होतं. घर रिकामं. पलंगावर एक उशी मधोमध दबलेली. टेबलावर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूला लिहिलं होतं, अंग गार. बाटली आणली. खाली जागा सोडून, घाईघाईत लिहिलेलं: बूट उलटेच होते, तसेच राहू दिले, ऐटीत चालत होती. तिने ती चिठ्ठी वाचली, चिमीला खायला दिलं, पुन्हा वाचली.

मंगळवारी दुपारी दोन ते तीन झेडताई नकलांच्या खिडकीवर बसायची. कोणाला जुन्या कागदाची प्रत हवी असली की या खिडकीशी यायचं. पुढच्या मंगळवारी एक बाई आली. उंच, नीटनेटकी, हातात केंद्राचं मोठं पाकीट. पाकिटावरचा नंबर एकोणसत्तरने संपत होता.

झेडताईने नंबर पुन्हा वाचला. काही कळलं की काय हिला.

“रिपोर्ट मिळाले,” बाई म्हणाली. “सगळं चांगलं आहे म्हणाले. हे सुट्टीवर आले की उपचार सुरू करता येतील.”

“कधी येणार?”

“बोगदा पलीकडे निघाला की.” ती जरा हसली. “मला एक विचारायचं होतं. मी त्या दिवशी जो कागद भरला होता ना, तो बघायला मिळेल का?”

“काही चुकलंय का त्यात?”

“नाही नाही. त्यात मी एक तारीख लिहिली होती. तेव्हा दोनच दिवस झाले होते, म्हणून डोक्यात पक्की होती. आता दहा होती की अकरा, आठवत नाही. त्यानंतर फोन आला नाही ना.” मग झेडताई काही विचारायच्या आत तिनेच सांगून टाकलं, “सासूबाईंच्या फोनमध्ये शेवटचे दहाच दिसतात. आणि त्यांच्या बहिणी पाच. एका दिवसात पुसलं जातं सगळं.”

झेडताई उठून फडताळाशी गेली. कागद हातात येऊनही ती लगेच वळली नाही. न दाखवता नुसती तारीख सांगता आली असती. अकरा, एवढं म्हणून टाकायचं. पण कागद बाईचा होता, आणि स्वतःचा कागद पाहायचा हक्क प्रत्येकाला असतो, हेही ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सांगत असे.

खिडकीच्या फळीवर कागद ठेवला तशी बाई वाकली. आधी नजर आपल्या अक्षरावर गेली, ओळखीच्या माणसाकडे जाते तशी. मग रेघेवर. मग शेजारच्या शब्दांवर.

“चुकीची नोंद?” तिने वर पाहिलं. “पण फोन आला होता.”

“आला होता,” झेडताई म्हणाली.

“मीच बोलले. सासूबाई समोर होत्या, विचारा त्यांना.”

“नाही हो, कोणाला विचारायचं नाहीये. या रकान्यात आम्हाला वेगळं काही विचारायचं होतं. छापणाऱ्यांनी नीट छापलं नाही. चूक आमची झाली, तुमची नाही.”

बाईने रकान्याचं नाव पुन्हा वाचलं. कशाबद्दल विचारलं होतं ते तिला उमगलं असावं, कारण कानांच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. ती बोटाने त्या ओळीखालून सावकाश गेली, आणि शेवटच्या शब्दाशी थांबली.

“वाचता येतंय तरी,” ती म्हणाली.

“यायलाच हवं. आम्ही खोडत नाही कधी. एकच रेघ.”

“बरं आहे.”

“प्रत काढून देऊ? पाच मिनिटांत होईल.”

बाईने चुकीची नोंद या शब्दांकडे आणखी एकदा पाहिलं. “नको,” ती म्हणाली. “कोरा कागद असला तर द्या. मीच लिहून घेते.”

झेडताईने वहीतलं एक पान फाडून दिलं, आणि स्वतःचं पेन. मागे दोन माणसं येऊन उभी राहिली होती, त्यांना तिने हातानेच थांबा म्हटलं. बाई फळीवर कोपर टेकून लिहू लागली, त्याच कललेल्या, शुद्ध अक्षरात. मूळ कागदाकडे तिने एकदाच पाहिलं, तारखेसाठी. बाकीचं तिला पाठ होतं. अकरा तारखेला संध्याकाळी. फोनवर. इथे ती थांबली, पेनाचं टोक क्षणभर अधांतरी राहिलं, आणि मग तिने लिहिलं, पाच मिनिटं. आवाज बसला होता, विचारलं तर धूळ म्हणाले.

दोन कागद शेजारी शेजारी पडले होते. मूळ आणि नक्कल ताडून पाहणं, फरक सापडला की बोट ठेवणं, हे झेडताईचं अकरा वर्षांचं काम. चार आणि पाच तिला एका नजरेत दिसले.

तिने मूळ कागद उचलून पालथा घातला. बाईने आपल्या पानाची घडी केली, आणखी एक घडी केली, पेन परत दिलं.

“पुढे या,” झेडताई मागच्या माणसाला म्हणाली.